कोपरा

उजव्या हाताचा खालचा कोपरा.
पान तिथून उलटायचं.
दोन वर्षं लागली हात बसायला:
करंगळी पट्टी सोडते, अंगठा सूर धरून ठेवतो,
आणि मधलं बोट पटकन जाऊन येतं,
शेगडीवर दूध ठेवून
कुणी दाराशी डोकावून यावं तसं.

काल रात्री टॅबलेट झोपेत बदलला.
मी चार्जिंगला लावून निजले होते.
बाहेर उणे अकरा, खाडी गोठायला आलेली,
फेरी अजून चालू.
सकाळी तो म्हणाला, नमस्कार वेल्दा,
तुमच्यासाठी बरंच काही नवं आहे.
मी 'नंतर' शोधलं.
'नंतर' होतं, पण इतकं फिकट
की चष्म्याशिवाय नव्हतंच.

अकरा वाजता हेल्दुरचा अंत्यविधी.
छत्तीस वर्षं त्याने फेरीचं इंजिन सांभाळलं,
म्हणजे बेटावरचा प्रत्येक माणूस
कधी ना कधी त्याच्या भरवशावर पाण्यात गेलेला.
चर्च भरलं. ओल्या कोटांचा वास.
पुढच्या बाकावर साल्मे, हातमोजे न काढता.

आमच्या ऑर्गनचा एक खालचा सूर अडकतो.
युद्धाच्या आधीपासून अडकतो म्हणतात.
माझ्या आधीच्या वादकाला ठाऊक होतं,
त्याच्या आधीच्यालाही.
आम्ही सगळे त्याला वळसा घालत आलो.
बिघाड खरा,
पण जागचा हललेला नाही.

तिसरं भजन, पहिल्या पानाचा शेवट.
बोट कोपऱ्यात गेलं
आणि स्वरलिपीवर एक कोरा कागद चढला.
पांढराफटक.
त्यात एक उभी रेघ लुकलुकत होती:
काहीतरी लिहा.

मला काही लिहायचं नव्हतं.
मला पान उलटायचं होतं.

मी मागचीच ओळ पुन्हा वाजवली,
मग पुढची, पाठ होती तेवढी,
आणि तीही संपली तेव्हा
पायाखालचा एकच सूर दाबून बसले,
वीज गेल्यावर जिन्यात कठडा धरतात तशी.
मग तोही सुटला.
लोक गायचे थांबले नाहीत.
शेवटचं कडवं त्यांनी माझ्याशिवाय म्हटलं,
जरा बेसूर,
साल्मेचा आवाज सगळ्यांच्या मागून, सावकाश.

पाद्री नंतर म्हणाले,
शेवटी वाद्य थांबवलंत, फार समजून केलंत.
मी म्हटलं, हो.

संध्याकाळी तार्मोला तालिनला फोन लावला.
टॅबलेट त्यानेच दिलेला, भाचा माझा, भला मुलगा.
म्हणाला, मावशी, कोपरा आता नोंदीसाठी आहे,
पान उलटायला दोन बोटांनी मधून सरकवायचं.
होईल सवय.
सवय होती रे, म्हटलं. तीच तर नेली.
दोन बोटं मधे नेली
तर सूर कोणी धरायचा?
तो जरा वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, सेटिंगमध्ये असेल कुठेतरी.

मला नव्याचं वावडं नाही.
सत्तर किलोच्या वह्या मी स्वतः
तळघरात नेऊन ठेवल्या, त्याच्यासाठी.
पण ज्याने कोपरा हलवला
त्याने एकदा इथे येऊन
माझ्या शेजारी बाकावर बसायला हवं होतं,
थंडीत, बोटं कापलेले मोजे घालून.
चहा दिला असता.

रात्री टॅबलेटने विचारलं, अनुभव कसा वाटला?
पाच तारे, रिकामे.
ते बंद करताना ती नोंद सापडली.
आपोआप जपून ठेवलेली,
आजची तारीख, अकरा सत्तावीस.
अक्षर एकही नाही.
घाबरलेल्या बोटाची एक तिरकी रेघ,
मधे तुटलेली, पुन्हा लागलेली.

पुसणार होते.
मग पट्ट्यांखाली घालायच्या जाड फेल्टची
एक चिंधी कापली, कोपऱ्यावर चिकटवली,
बोट तिथे पोचूच नये म्हणून.
रेघ राहू दिली.
वर नाव विचारत होता.
हेल्दुर, एवढं लिहिलं.
त्याने ते दोनदा दुरुस्त केलं.
मी दोन्हीदा परत लिहिलं.